बारा व्होल्ट गेले कुठे?



ज्यांच्या अंगणात एखादी जुनी पेट्रोल गाडी अजून उभी आहे, त्यांच्यासाठी ही खेप. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनी त्याच्याही कितीतरी आधी बंद झाली. पण कारखाना बंद झाला म्हणून खेड्यात कोणी चालती वस्तू टाकून देत नाही. लग्नकार्याला, आठवड्याच्या बाजाराला आणि अडीनडीला दवाखान्याला तीच गाडी लागते. तेव्हा तिचे एक चोरटे दुखणे आज नीट समजून घेऊ.

दुखणे असे. सकाळी सेल्फ मारला की इंजिन चांगले गरगर फिरते, पण पकडत नाही. चार माणसांनी धक्का दिला की पहिल्याच झटक्याला लागते. सपाट रस्त्यावर बरी चालते, चढाला लागली की मिसिंग मारते. रात्री नि पावसात तर हमखास रुसते. घरधनी बॅटरी बदलतो, प्लग बदलतो, कॉईल बदलतो. पाच-सहा हजारांना चाट बसते आणि गाडी आहे तिथेच.

आमच्या थोरल्या दादांच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. २०१९ सालचा आषाढ. रात्री अकराच्या सुमाराला शेजारच्या घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेची वाट बघत बसण्यापेक्षा दारातली गाडी बरी म्हणून दादांनी गाडी काढली. मागे ती पोर, तिची सासू आणि आमच्या वहिनी. तालुक्याला जायचे तर मध्ये घाट आहे. वरून धो धो पाऊस. घाटाचे दुसरे वळण संपते न संपते तोच गाडी खोकू लागली नि बंद पडली. पुन्हा लागली, पुन्हा पडली. फोनला रेंज नाही. मागच्या सीटवर ती पोर वहिनींचा हात आवळून धरून बसलेली. पाऊण तास गेला. शेवटी खालून दुधाचा टेम्पो आला, त्यात तिघींना बसवून दिले. पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण तो पाऊण तास दादा अजून विसरलेले नाहीत. मीही विसरलेलो नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

पुढच्या रविवारी मी मीटर घेऊन गावी गेलो. दादा वैतागलेले होते.

"नवी बॅटरी घातली, नवी कॉईल घातली, प्लग घातले. आता काय इंजिन बदलू? मिस्त्रीने मीटर लावून दाखवला मला, कॉईलपर्यंत बारा व्होल्ट पुरे येतायत."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, मला यंत्रातलं काही कळत नाही. पण त्या रात्री वायपर बंद केला की गाडी जरा बरी चालत होती. चालू केला की दमायची. मी दोनदा पाहिलं."

दादा हसले. मी मात्र चहा तसाच ठेवून उठलो, कारण अर्धे निदान त्या एका वाक्यात होते.

ते का, हे कळायला गाडीची ठिणगी कशी तयार होते ते थोडक्यात पाहू. बॅटरीचा करंट किल्लीच्या स्विचमधून कॉईलमध्ये जातो, कॉईलमधून पॉइंटवर येतो आणि पॉइंटमधून इंजिनाच्या लोखंडातून अर्थ होऊन बॅटरीकडे परत जातो. पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉईलमध्ये चुंबकशक्ती साठत राहते. पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, चुंबकशक्ती कोसळते आणि कॉईलच्या आतल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका तयार होतो. तो प्लगवर जाऊन ठिणगी पडते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हा खेळ मिनिटाला सहा हजार वेळा चालतो.

ही योजना अमेरिकेतल्या ओहायो प्रांतातल्या चार्ल्स केटरिंग याने रूढ केली. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. डेटन शहरात एडवर्ड डीड्स या सोबत्याच्या घरामागच्या कोठारात त्याने व त्याच्या सवंगड्यांनी हे काम केले आणि १९०९ साली कंपनी काढली, 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'. तिच्या आद्याक्षरांचे झाले डेल्को. आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही 'डेल्को' म्हणतात ना, ते नाव त्या कोठारातून आले आहे!

असो. आता मूळ गोष्ट. कॉईलमध्ये साठणारी शक्ती तिच्यातून किती अँपिअर प्रवाह जातो त्यावर ठरते, आणि तीही वर्गाच्या हिशेबाने. साध्या बारा व्होल्टच्या कॉईलचा रोध सुमारे ३ ओहम असतो. बॅटरी १२.४ व्होल्टची, म्हणजे प्रवाह चार अँपिअरहून थोडा जास्त. आता समजा वाटेत कुठेतरी जोड काळा पडला आणि त्याचा १ ओहम रोध मध्ये आला. एकूण रोध ४ झाला, प्रवाह ३.१ अँपिअरवर आला. तीन व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडले आणि कॉईलला मिळाले नऊच्या थोडे वर. प्रवाह पाव हिश्शाने घटला, पण साठलेली शक्ती मात्र जवळजवळ निम्मी झाली.

त्यात सेल्फ मारताना बॅटरी स्वतःच दहा व्होल्टपर्यंत खाली बसते. म्हणजे प्रवाह आला अडीच अँपिअरवर, आणि शक्ती उरली मूळच्या तिसऱ्या हिश्शाच्या जराशी वर. थंड इंजिनाला एवढ्यावर कशी ठिणगी मिळावी? धक्का दिला तर सेल्फचा भार नसतो, बॅटरी बाराला टिकून असते, म्हणून गाडी लागते. एकदा लागली की चार्जिंग चौदा व्होल्टच्या आसपास येते, म्हणून सपाटीवर चालत राहते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरते, आतला दाब वाढतो आणि वाढलेल्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतात. ते नसतात, म्हणून मिसिंग. सगळी लक्षणे जुळली की नाही?

एक खूण ध्यानात ठेवा. सेल्फ मंद फिरत असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहा. पण सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही आणि धक्क्याला लगेच लागते, तर कॉईलपर्यंत व्होल्ट पोचतात का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्रीने तर बारा व्होल्ट दाखवले होते. त्याचा मीटर खोटा होता का? मुळीच नाही. इथेच तर सगळी गंमत आहे आणि पुष्कळ जाणती माणसे इथेच फसतात.

तुमच्या ठिबकचे उदाहरण घ्या. मेन लाईनचा एखादा व्हॉल्व्ह गाळाने निम्मा बुजला आहे. पुढचे सगळे कॉक बंद करून शेवटी प्रेशर गेज लावले तर काटा किती दाखवेल? पुरा दाब दाखवेल, कारण पाणी वाहतच नाही. पण कॉक उघडा, पाणी वाहू द्या, मग पाहा शेवटच्या लॅटरलला काटा कसा खाली येतो ते. विजेचेही तसेच. प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडात काहीच खर्च होत नाही आणि मीटर पुरे बारा दाखवतो. त्या मिस्त्रीने कॉईलची वायर काढून हातात धरली नि तिच्या टोकाला मीटर लावला. दादांना दिसले बारा. पॉइंट उघडे असताना मोजले तरी हेच होते. म्हणून मोजताना वायर जागेवर हवी, किल्ली चालू हवी आणि पॉइंट मिटलेले हवेत. हे तीन जमले की निम्मे काम झाले.

पॉइंट मिटलेले आहेत हे कसे ओळखावे? डेल्कोची टोपी काढा. किल्ली बंद ठेवून गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि कोणाला तरी हळूच पुढे ढकलायला सांगा. पॉइंटचे दोन बिंदू एकमेकांना टेकलेले दिसले की थांबा. मग गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. साडीचा पदर, ओढणी, लोंबता गमछा बाजूला ठेवा. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. आणि पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवून गप्पा मारत बसू नका, कॉईल तापते. मोजायचे ते मिनिट-दोन मिनिटांत मोजा, किल्ली बंद करा, पुन्हा चालू करा.

मीटर साधा डिजिटल चालतो, तीनचारशे रुपयांत मिळतो. डीसी व्होल्टच्या वीसच्या खुणेवर ठेवा. पहिल्यांदा बॅटरी पाहा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.७ दाखवत असेल तर ठीक. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर दुखणे तिथेच आहे, पुढे जाऊ नका. बॅटरी ठीक असेल तर मीटरची लाल सुई बॅटरीच्या प्लसला आणि काळी सुई कॉईलच्या त्या टर्मिनलला लावा, जिथे किल्लीकडून वायर येते. जुन्या कॉईलवर तिथे 'एसडब्ल्यू' असे लिहिलेले असते, पॉइंटच्या बाजूला 'सीबी'. नव्या कॉईलवर प्लस-मायनस असते. आता मीटर जो आकडा दाखवील तो वाटेत गळालेला व्होल्ट, थेट. वजाबाकीसुद्धा करायला नको. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट साफ आहे.

दादांच्या गाडीवर मी सुया टेकवल्या. आकडा आला २.८. दादा वाकून बघत होते, त्यांना म्हटले, "आता वायपर लावा." वायपर फिरू लागले नि आकडा चढला सव्वाचारवर. म्हणजे कॉईलला उरले आठ व्होल्ट. वहिनी तिथेच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसते दादांकडे पाहिले.

वायपरचा करंट त्याच किल्लीच्या स्विचमधून जात होता. खराब वाटेवर गर्दी वाढली की गळती वाढते. तेव्हा चोर स्विचच्या आसपास आहे हे उघड झाले. पण उघड झाले म्हणून थांबायचे नाही, टप्प्याटप्प्याने मोजायचे. लाल सुई बॅटरीच्या शिशाच्या खांबालाच ठेवायची आणि काळी एकेक टप्पा पुढे सरकवायची. बॅटरीच्या पट्ट्यावर ०.०५. स्विचमध्ये शिरणाऱ्या वायरवर ०.२. स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर एकदम २.६. सापडला! स्विचच्या आतले पितळ जळून काळे ठिक्कर पडले होते. बाहेरचा जोडही करपलेला, वायरचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन कडक झालेले.

आता हे जळाले कशाने, ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी घरात लग्न होते. गाडीला पुढे दोन धुक्याचे दिवे लावायची हौस मलाच आली. प्रत्येकी ५५ वॅटचे. दोघांचे मिळून नऊ अँपिअर. वेगळी वायर, फ्यूज आणि रिले घालायचा कंटाळा केला नि सरळ किल्लीच्या स्विचच्या मागे ती वायर पिळून दिली. दिवे दोन पावसाळ्यांत फुटले, काढून टाकले. स्विच मात्र तोवर भाजून निघाला होता. दादांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बरं झालं, तूच शोधलंस." नवा स्विच घातला, करपलेली वायर कापून नवा लग लावला. वायपर चालू असताना पुन्हा मोजले, ०.४. गाडी त्या दिवसापासून पहिल्या सेल्फला लागते.

सगळ्यांचा चोर स्विचमध्येच असेल असे नाही. वरची बाजू साफ निघाली तर परतीची वाट पाहा. लाल सुई कॉईलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, काळी बॅटरीच्या मायनस खांबाला, पॉइंट मिटलेले. पाव व्होल्टच्या आत हवे. जास्त असेल तर पॉइंट जळालेत, किंवा डेल्कोच्या आतली छोटी वेणीदार अर्थ वायर तुटत आली आहे, किंवा इंजिनापासून चॅसिसला जाणारी अर्थपट्टी गंजली आहे. ही पट्टी चिखलात माखलेली असते म्हणून कोणी बघत नाही. सोडवून पॉलिश पेपरने घासली की कितीतरी गाड्या सुधारतात. मीटर पुरे बारा दाखवत असेल तर पॉइंट मिटलेलेच नाहीत, किंवा त्यांच्यात तेलाचा थर आहे. फार जुन्या काही गाड्यांना प्लस अर्थ असते, तिथे सुयांची अदलाबदल करावी लागेल.

काही गाड्यांत कॉईलच्या आधी मुद्दाम एक रोध घातलेला असतो, त्याला बॅलास्ट म्हणतात. पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यात बसवलेला असतो, किंवा खास रोधाची वायरच असते. अशा गाडीत इंजिन बंद, किल्ली चालू आणि पॉइंट मिटलेले असताना कॉईलवर सहा ते आठ व्होल्टच येतात. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली योजना आहे. सेल्फ मारताना मात्र दुसरी वायर हा रोध चुकवून बॅटरीचा पुरा दाब कॉईलला देते. म्हणून दोन लक्षणे वेगवेगळी ओळखा. सेल्फ फिरतोय तोवर इंजिन पेटते आणि किल्ली सोडताच मरते, तर बॅलास्ट तुटलाय किंवा किल्लीची चालू बाजू गेली आहे. उलट, सेल्फ फिरताना काहीच नाही आणि किल्ली सोडताना फट्कन पकडते, तर ती रोध चुकवणारी वायर तुटली आहे. हे न कळल्यामुळे लोक चांगला सेल्फ खोलून बसतात.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी ब्रेकचा २१ वॅटचा दिवा होल्डरमध्ये बसवून दोन वायरी काढाव्यात. आधी थेट बॅटरीवर लावून उजेड पाहा. मग कॉईलची वायर काढून तिच्या टोकाला आणि अर्थला लावा, किल्ली चालू. उजेड उतरला तर वाटेत गळती आहे. लहान टेस्टर दिवा यासाठी नको, त्याला फारसा करंटच लागत नाही, तो फसवतो.

आणि रस्त्यात अडकलात तर? दोन-तीन हात लांबीची जाड वायर, दोन्ही टोकांना चिमटे आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज, एवढे गाडीत असू द्या. बॅटरीच्या प्लसपासून सरळ कॉईलच्या किल्लीकडच्या टर्मिनलला जोडा. स्विच, जोड, सगळे चुकवून पुरे व्होल्ट मिळतात आणि गाडी दवाखान्यापर्यंत जाते. त्या रात्री घाटात आमच्या गाडीत ही वायर असती तर दोन मिनिटांचे काम होते. मात्र तीन गोष्टी सांभाळा. अशी जोडलेली गाडी किल्लीने बंद होत नाही, ही वायर ओढूनच बंद करावी लागते. वायर पंख्यात किंवा गरम सायलेन्सरवर जाऊ देऊ नका. आणि बॅलास्टच्या गाडीत हा प्रकार थोड्याच वेळापुरता, नाहीतर कॉईल नि पॉइंट दोन्ही भाजतील. प्लगच्या जाड वायरीला इंजिन चालू असताना हात लावू नये हे सांगायला नको. ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी तर उघड्या बॉनेटपासून लांबच राहावे.

ट्रॅक्टरवाले विचारतील, आमचे काय? डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, त्यामुळे कॉईल-पॉइंटचा प्रश्न नाही. पण सेल्फ मंद फिरत असेल तर हीच रीत वापरा. लाल सुई बॅटरीच्या प्लस खांबाला, काळी सेल्फच्या जाड टर्मिनलला, आणि कोणी तरी सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर गळत असेल तर जाड वायर नि तिचे लग पाहा. नवीन बॅटरी घेण्यापूर्वी एवढे कराच. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र दिव्याने तपासू नका आणि सुईने वायरीला भोके पाडू नका. तिथे डिजिटल मीटर नि जाणता माणूस हवा.

कॉईलपर्यंत बारा व्होल्ट पोचूनही ठिणगी पिवळी पडत असेल तर संशय कंडेन्सरवर जातो. पॉइंट वरचेवर जळत असतील तरीही त्यावरच. त्याविषयी आणि पॉइंटमधली फट फीलर गेजने कशी लावावी याविषयी पुढच्या खेपेला लिहीन.